दादाचं औषध

दादाला कॅन्सर झाल्याचं कळलं, तेव्हा धाकटीच्या मनात पहिल्यांदा हेच आलं, की आता कळेल त्याला.

आई गेली ती दादाच्याच घरी. तिचा कॅन्सर हाडांत उतरला होता. डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं, तर दादाने ती बाटली कपाटात ठेवून कुलूप घातलं. "नशा आहे ती. सवय लागली की सुटत नाही," म्हणायचा आणि किल्ली खिशात टाकून कामावर जायचा. आई उशीचा अभ्रा दातांत धरून पडायची. धाकटी त्याच्या हातापाया पडली, कडाकडा भांडली. दादा ढिम्म हलला नाही.

आता तोच मणक्यात उतरलेल्या कॅन्सरने तळमळत होता, आणि त्यालाही मॉर्फिनच लिहून दिलं होतं. वहिनीचे हात थरथरायचे, औषध सांडायचं, म्हणून तिने नणंदेला बोलावून घेतलं. डॉक्टरीणबाईंनी धाकटीला समजावलं, "दुखायची वाट बघू नका, वेळ झाली की द्या. मध्येच कळ आली तर हा जादा डोस. आणि पोट साफ व्हायचं औषध रोज, विसरायचं नाही."

एका दुपारी वहिनी बाहेर गेली असताना दादाला कळ आली. धाकटीने डोस मोजून आणला आणि पलंगापासून जरा लांबच खुर्ची ओढून बसली.

"दे ना गं!"

"आईला का दिलं नाहीस?"

"आत्ता नको गं... जीव जातोय माझा."

"तिचाही जात होता. सांग."

दादाच्या कपाळावर घाम डवरला. "सवयीचं खोटं होतं. काही होत नाही, असं डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते."

"मग?"

"जन्मभर तिला तूच लाडकी. ऊठसूट तुझंच नाव. किल्ली माझ्याकडे आली आणि... रोज मला हाका मारायला लागली."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातला डोस भिंतीवर फेकावासा वाटला. तेवढ्यात दादा पुन्हा "दे ना गं" म्हणून कळवळला. ते ऐकून तिला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच शिसारी आली. तिने उठून औषध त्याच्या तोंडात घातलं.

कळ ओसरल्यावर त्याने विचारलं, "माफ केलंस ना?"

"नाही. औषध दिलंय."

त्यानंतर एकही डोस चुकला नाही. दादा आशेने तिच्याकडे बघायचा, ती उशी सारखी करून निघून जायची. वहिनी एकदा म्हणाली, "वन्सं, दोन शब्द गोड बोला की त्यांच्याशी."

"ते डॉक्टरांनी लिहून दिलेलं नाही, वहिनी."

दादा झोपेतच गेला, शांतपणे. भेटायला आलेले म्हणत होते, बहिणीने केलं हो सगळं. धाकटी नुसती मान डोलवत होती. इतकं सोपं मरण त्याला मिळालं, तेही आपल्याच हातून, याचा राग काही तिच्या मनातून जाईना.