टॅन्सीची बोंडे आणि तळाचे पत्र

मित्रांनो, रस्त्याकडेला खांबावर आडवा ठोकलेला दुधाचा जुना कॅन दिसला, तर त्याला भंगार समजू नका. मी एका शेताची टपालपेटी आहे. पर्थ शहरापासून चार तासांवर, गव्हाच्या रानात, फाटकाशी उभी. शेताची मालकीण डेलिस, तिच्या सासऱ्याने मला निळा रंग दिला. चाळीस वर्षे मी वाढदिवसाची कार्डे सांभाळली, तारा सांभाळल्या, एकदा तर कोंबडीची पिल्लेसुद्धा.

डेलिसची लेक टॅन्सी तीन वर्षांची झाली, तरी बोलेना. डॉक्टरांनी शहरातल्या बालविकास केंद्राला चिठ्ठी लिहिली. शाळेआधी उपचार सुरू व्हायला हवेत, म्हणाले.

टपालवाला मर्व्ह आठवड्यातून दोनदा येई. डेलिस फाटकातच विचारी, "केंद्राचं पत्र आलं का रे?"

"ट्रॅक्टरच्या जाहिराती आल्यात. तुझ्या नवऱ्याला अजून श्रीमंत समजतात बिचारे."

"शहरात किती थांबवतात?"

"बहिणीच्या नातवाला दहा महिन्यांनी बोलावलं. तुमच्याकडे तर बोलायला शिकवणारी बाई वर्षातून दोनदाच येणार. यादीतली पुढची पोरं दाढी करायला लागली की तुझा नंबर."

डेलिस हसली. मग हसायची थांबली.

एक वर्ष गेले, दुसरे सरत आले. टॅन्सी रोज माझ्या तोंडात नीलगिरीची बोंडे टाकी आणि मला थोपटी. "राहू देत," डेलिस म्हणे, "तेच तिचं बोलणं."

कापणी आली. कापणीत सगळे धान्याच्या वजनकाट्यावर असतात, म्हणून टपालही तिथेच द्यायचे, हा इथला रिवाज. पण केंद्राचे पत्र आले, ते महत्त्वाचे दिसले. काट्यावरच्या धुळीत हरवू नये, म्हणून मर्व्हने ते जपून माझ्या पोटात ठेवले. दुपारी टॅन्सी आली. ओंजळभर बोंडे ओतली, थोपटले, गेली.

डेलिस रोज ट्रकच्या खिडकीतून सवयीने हात घाली. बोटांना बोंडे लागत. ती गालात हसे आणि पुढे जाई. तिच्या लेकीच्या पोटात शब्द, माझ्या पोटात पत्र. दोघींना तोंड असून सांगता येईना.

कापणी संपल्यावर तिने मला रिकामे केले. पत्रात लिहिले होते, टॅन्सीचा नंबर आला आहे, येणार का ते चौदा दिवसांत कळवा, नाहीतर नाव काढले जाईल. तो एकतिसावा दिवस होता.

फोनला रेंज फक्त माझ्यापाशी येते. तिने तिथूनच फोन लावला.

"हो, टॅन्सीची आई... नाही, कुठं गेलो नव्हतो. इथंच होतो... म्हणजे पुन्हा पहिल्यापासून?"

मर्व्हला कळले तेव्हा तो टोपी काढून उभा राहिला. "हातात द्यायला हवं होतं गं मी."

"तू जपूनच ठेवलंस," डेलिस म्हणाली. पण त्याच्याकडे पाहिले नाही.

फेब्रुवारीत इथले शाळेचे वर्ष सुरू झाले आणि शाळेची बस माझ्यापाशी थांबली. टॅन्सीने एक बोंड टाकले, थोपटले, आणि एक शब्द न बोलता चढली.

मित्रांनो, पेटीत हात घालाल तेव्हा तळापर्यंत घाला. आणि मोठेपणी कुणाचे नाव यादीतून खोडायची वेळ आली, तर आधी एकदा फाटकापर्यंत या. आम्ही इथेच असतो.