मूळचाच रोटर

मी तोंडाची फटकळ आहे, हे अख्ख्या बाजाराला माहीत आहे. जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकते. न जुळणारा भाग कोणी कितीही गोड बोलून मागितला तरी देत नाही. गिऱ्हाईक रागावलं तर रागावलं.

त्या दुपारी एक नवीनच माणूस आला. कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं मधाळ. त्यानं फडक्यात गुंडाळलेला डिस्ट्रिब्युटर काउंटरवर ठेवला.

"ताई, याच्यातला रोटर हवाय. जुनी स्पोर्ट्‌स कार आहे, दोन सीटची. कालच घेतली."

रोटर म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाखाली फिरणारा अंगठ्याएवढा काळा तुकडा. त्याच्या पितळी पट्टीवरून प्रत्येक प्लगला वीज जाते. तो नसेल तर लाखमोलाची गाडी म्हणजे नुसतं पत्र्याचं खोकं.

मी सवयीनं डिस्ट्रिब्युटर उलटा केला, अंगावर ठोकलेला नंबर वाचला, टोपणाची भोकं मोजली. सहा सिलिंडरचं इंजिन. मग टोपण धरून ठेवणाऱ्या क्लिपांकडे नजर गेली. एक क्लिप मूळची, दुसरी ट्रॅक्टरची, कानशीनं घासून बसवलेली. ती घासली होती मीच. हा माझ्या दादाचा डिस्ट्रिब्युटर होता.

दादा खाणीपलीकडे एकटा राहतो. ती गाडी म्हणजे त्याचा जीव की प्राण. कुठेही थांबला की आधी रोटर काढून शर्टाच्या आतल्या खिशात टाकतो. "किल्ली कोणीही बनवील गं, हा कुठून आणतील?" म्हणतो. तो खिसा मीच लावून दिलाय. पांढरा दोरा संपला होता, म्हणून निळ्यानं शिवला, तर त्यावरूनही मला चिडवत बसला. असा माणूस गाडी विकेल? आणि विकलीच, तर रोटर घेणाऱ्याच्या हातात ठेवणार नाही?

"यातला रोटर गेला कुठे?" मी विचारलं.

"म्हातारा म्हणतो, हरवला."

"हरवायला तो काय खिशातली चिल्लर आहे? कोणी हातानं काढल्याशिवाय रोटर निघत नाही." नेहमीसारखी फटकन बोलून गेले. तो हसला.

जुळणारा रोटर माझ्याकडे होता. काउंटरखालच्या डबीत, दादासाठीच जपून ठेवलेला. पण तो दिला की गाडी सुरू होणार आणि हा गाडीसकट पसार होणार. मग दादाचं काय केलंस, हे कोणाला विचारू? गाडी अडली तर हाही अडेल, असा मी हिशेब केला.

त्याच्यादेखत दोन रोटर बसवून दाखवले. एक बुटका, टोपणाच्या आतल्या कार्बनच्या टोकाला टेकेना. दुसऱ्याची पट्टी लांब, टोपणाला घासायला लागली.

"बघितलंत? दुसरा कुठलाच जुळणार नाही. याला मूळचाच लागतो."

"मूळचाच?"

"मूळचाच."

आयुष्यात पहिल्यांदा सुट्या भागाबद्दल खोटं बोलले आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

"मग मालकालाच परत विचारतो," तो म्हणाला. डिस्ट्रिब्युटर गुंडाळून शांतपणे निघून गेला.

मालकाला विचारतो! म्हणजे दादा आहे. माझ्या जिवात जीव आला. लगेच त्याला फोन लावला, नुसताच वाजत राहिला. मग पोलिसांना लावला, दादाचा पत्ता सांगितला. "माणसं पाठवतो, तुम्ही दुकानातच थांबा," म्हणाले. थांबले. मला कुठलं बसवतंय! पुसलेले डबे परत पुसत राहिले.

उन्हं कलताना रस्त्यावर इंजिनाचा आवाज आला. तो घोगरा आवाज मी शंभर गाड्यांत ओळखीन. दादा! सुटला एकदाचा. आधी त्याला चांगला फैलावर घेणार आणि मग रडणार, असं ठरवून मी बाहेर धावले.

पण इंजिन मध्येच फटफट उलटं मारत होतं. दादा असली गाडी रस्त्यावर आणणार नाही. माझे पाय पायरीवरच थांबले.

गाडीतून तोच उतरला. शर्टाची इस्त्री पार मोडली होती, एक बाही ओली होती.

"तुमचं बरोबर निघालं, ताई. हरवला नव्हताच. म्हाताऱ्याच्या अंगावरच होता. सुखासुखी देत नव्हता हो." त्यानं बॉनेट उघडलं. "डिस्ट्रिब्युटर बसवताना माझं टायमिंग चुकलंय बहुतेक. तेवढं लावून द्या. लांब जायचंय."

आणि त्यानं तेलकट हात एका चिंधीला पुसले. तळहाताएवढी चिंधी, तीन बाजूंना निळी शिवण.

मी टोपण काढलं. रोटर उचलला आणि मूठ घट्ट मिटली. आता गाडी इथून हलणार नव्हती.

"वेळ लागेल," मी कशीबशी म्हणाले.

"लागू द्या," तो म्हणाला आणि पायरीवर बसला.

आत फोन वाजायला लागला. मला तो उचलायचा नव्हता. काउंटरखाली ती डबी तशीच बंद होती. दुपारी ती उघडली असती, तर हा माणूस गाडी घेऊन निघून गेला असता आणि माझा दादा घरी जिवंत राहिला असता.