प्लायमाउथमधलं डिझेल

पेट्रोल महागलं त्या वर्षी आदिलाबादच्या नरसिंगराव वकिलांची प्लायमाउथ चिंचेखाली उभी राहिली. सहा सिलिंडरची ती अमेरिकन गाडी पेट्रोल पाण्यासारखं प्यायची, आणि वकिली सोडलेल्या माणसाला ते झेपणारं नव्हतं. पूर्वी ते गाडी घेऊन बाजारहत्नूरला थोरल्या बहिणीकडे, रमाबाईंकडे जायचे. आता बसची पायरी चढायला गुडघे साथ देत नव्हते. तशात रमाबाईंना बरं नसल्याचा निरोप आला.

मुलगा हैदराबादला नोकरीला होता. घरी सून पद्मिनी. गावातल्याच शाळेत शिकवायची. ती म्हणाली, "मामाजी, इचोड्याच्या दौलत मिस्त्रीनं कुणाच्या तरी जीपमंदी डिझेल इंजिन बसवलं म्हणे. विचारून पाहू का?"

"जीपची गोष्ट येगळी," नरसिंगराव म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच गाडी इचोड्याला नेली.

दौलतचं गॅरेज हमरस्त्याला लागून होतं. त्यानं बॉनेट उघडून बराच वेळ माप घेतलं.

"बसंल वकीलसाब. एका मोडक्या व्हॅनचं इंजिन हाये माह्याकडं. पण जड हाये. गाडी म्होरून दबंल."

"दबू दे. बाजारहत्नूरपर्यंत गेली म्हणजे झालं."

कप्पीला साखळी लावून जुनं इंजिन बाहेर काढलं, तेव्हा नरसिंगराव खुर्ची टाकून समोर बसले होते. ते भंगारात द्यायचं नाही, एवढंच त्यांनी बजावलं. नवं इंजिन सहज बसलं नाही. रेडिएटर पुढे सरकवावा लागला, इंजिन टेकवायचे पाय नव्यानं वेल्डिंग करावे लागले, पुढच्या स्प्रिंगाही जाड घालाव्या लागल्या. शेवटी ते सुरू झालं, तेव्हा दारं थडथडली आणि काळा धूर निघाला. तरी चालवायला नरसिंगरावच बसले; दौलत शेजारी, आणि गाडी पाहायला आलेली पद्मिनी मागे.

निर्मलच्या दिशेनं सरळ रस्त्यावर गाडी चांगली गेली. एका वळणावर समोरून ट्रक आला. नरसिंगरावांनी स्टेअरिंग फिरवू पाहिलं, पण पुढच्या वजनानं ते फिरेना. पूर्ण जोर लावला तरी गाडी पुरती वळली नाही; रस्ता सोडून कडेच्या शेताच्या धुऱ्यावर चढली आणि बंद पडली. ट्रक हॉर्न वाजवत निघून गेला. कुणाला लागलं नव्हतं.

"जुनं इंजिन परत बसव," ते म्हणाले.

शेजारी बसलेला दौलत म्हणाला, "बसवून देतो. पण मंग गाडी पुन्हा झाडाखालीच राह्यन."

मागच्या सीटवरून पद्मिनी म्हणाली, "मी शिकते."

नरसिंगरावांनी मागे वळून पाहिलं. "तू?"

"रमाआक्कांना भेटायचं हाय ना तुमाले?"

ते उतरले आणि गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले. दौलतनं जागा सोडली, तेव्हा ते तिथं बसले.

शिकवताना ते फार चिडत. "क्लच सोड. हळू. हळू म्हणलं ना." पद्मिनीचे दंड रात्री दुखायचे, पण ती दर रविवारी किल्ली मागून घ्यायची. वळणाच्या आधीच वेग कमी करून, चाक फिरतं असतानाच स्टेअरिंग वळवायचं, हे तिला जमायला दोनेक महिने लागले.

दिवाळीनंतर ते बाजारहत्नूरला गेले. रमाबाई आता उठून बसू लागल्या होत्या. आवाज ऐकून त्या काठी टेकत ओट्यावर आल्या.

"कोणं चालवली?"

"सुनेनं," नरसिंगराव म्हणाले. "मले नाही वळवता येत आता."

हे त्यांनी पहिल्यांदाच कुणापाशी बोलून दाखवलं. रमाबाईंनी भावाकडे पाहिलं, मग गाडीकडे. "मंग मले एक चक्कर मारून आण म्हणा तिले," त्या म्हणाल्या.

नरसिंगरावांनी पुढचं दार उघडून बहिणीला बसवलं, काठी तिच्या हातात दिली आणि आपण मागच्या सीटवर जाऊन बसले. इतक्या वर्षांत त्या सीटवर ते कधी बसले नव्हते. मागं पाय ऐसपैस पसरता येत होते. पद्मिनीनं गाडी गावाबाहेर काढली, आणि बहीणभाऊ पुढच्या-मागच्या सीटवरून मोठ्यानं बोलू लागले.