शिवलेला खिसा

बोट आत गेलं आणि अडलं. उजव्या खिशाच्या तळाशी जिथे रोज भोक लागायचं, चेंडूएवढं, कडा झिजून मऊ झालेलं, हक्काचं, तिथे आज दोऱ्याची कडक गाठ होती. लवूने पुन्हा चाचपलं. टाके चांगले दुहेरी होते. खिशातला गोल्फचा चेंडू तळाला जाऊन मुकाट बसला होता. सकाळी पेज देताना कमळा काहीतरी म्हणाली होती खरी... "केवडं भोक पडलंलं खिशाला, मेलं लक्षच नाय तुमचं!" तेव्हा त्याचा कान तिकडे नव्हता. आणि असता तरी काय सांगणार होता बायकोला? ते पडलं नव्हतं गो. मी पाडलं होतं.

"आज हवा छान आहे," रणदिवेसाहेब म्हणाले. हातातली काठी तोलत ते समुद्राकडे तोंड करून उभे होते. "मिरकरवाड्याचे ट्रॉलर बघ, कसे रांगेने निघालेत."

लवूने बघितलं. खाली समुद्र नव्हताच. बंदरावर, माडांवर, सगळीकडे धुकं बसलेलं; असंच आणखी दोन दिवस राहिलं तर आंब्याचा मोहोर हातचा जाणार म्हणून गावात जो तो हळहळत होता. ट्रॉलर कुठले दिसायला...

"व्हय सायेब," तो म्हणाला. जिभेला वळणच पडलं होतं तसं.

कंपनीच्या वसाहतीमागे कातळाचा उघडा सडा होता. त्यावर साहेबलोकांनी माती आणून पसरली, गवत लावलं, नऊ ठिकाणी खड्डे केले आणि त्याला गोल्फचं मैदान म्हटलं. लवू तिथे कॅडी. काठ्यांची पिशवी खांद्यावर घ्यायची, मागतील ती काठी पुढे करायची आणि मुख्य म्हणजे नजर चेंडूवर ठेवायची. मारणारा मारून मोकळा होतो, चेंडू कुठे पडला ते कॅडीने सांगायचं. हरवला तर साहेबाचा डाव बिघडतो आणि कॅडीचं नाव जातं. आणि नाव लवूला फार प्यारं होतं. क्लबात चारचौघांत साहेब म्हणायचे, "माझा लवू बरोबर असला की चेंडू हरवत नाही," तेव्हा बाहेर पायरीवर बसलेला तो उगाचच काठ्या पुसायला घ्यायचा.

त्या नावासाठीच तर पहिल्यांदा... गेल्या शिमग्याच्या सुमाराला चेंडू करवंदीच्या जाळीत गेला, शोधून शोधून हात ओरबाडले, आणि बाकीचे कॅडी दात काढत बघत होते. खिशात साहेबांचाच एक चेंडू होता, आदल्या आठवड्यात सापडलेला. तो त्याने खिशाच्या उसवलेल्या शिवणीतून पँटच्या आतून सोडला, पायावरून घरंगळत गवतात आला. "घावला, सायेब!" साहेबांनी पाठीवर थाप मारली. घरी जाऊन त्याने ती शिवण आणखी उसवली. पुढे पुढे हरवलेल्याच चेंडूसाठी नव्हे, वाकडा गेलेल्यासाठीही तेच होऊ लागलं; खिशातला चेंडू सरळ वाटेवर सुटू लागला. साहेब खूश होत. त्यांचा खेळ सुधारला म्हणून लोक कौतुक करत. कुणाचं काय वाईट होत होतं त्यात?

कुणाचं काय... साहेबांच्या बाईंनी गेल्या आठवड्यात ओटीवर बोलावून चहा दिला, तेव्हा कळलं काय ते. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी साहेबांना काचबिंदू सांगितला होता. कडेचं दिसणं आधी जातं, मग मधलं. गेलेलं परत येत नाही. ऑपरेशन आत्ताच करायला हवं. आणि हे म्हणतात, मी पार लांबवर चेंडू सरळ मारतो, मला काय झालंय? लवूला विचार!

"म्हणून विचारते लवू," बाई म्हणाल्या होत्या, "तू रोज बरोबर असतोस. दिसतं ना रे यांना?"

आतून साहेबांचा खोकला ऐकू आला. लवूने कपाकडे बघितलं.

"दिसतं की. चांगलं दिसतं."

तेव्हापासून त्याला घास गोड लागत नव्हता. मी एका माणसाचे डोळे खिशात घालून फिरतोय, असं वाटायचं. उद्या सांगू म्हणता म्हणता आठवडा गेला.

साहेबांनी काठी फिरवली. आवाज स्वच्छ आला, पण चेंडू उठला तो डावीकडे कलला, चिरे रचलेल्या कुंपणावर, गडग्यावर, आपटला आणि पलीकडच्या जाळीत शिरला. साहेब मात्र समोर बघत होते, हनुवटी वर करून, ओठांवर हसू.

"सरळ गेला ना?"

लवूचा हात सवयीने खिशात गेला. दोरा. गाठ. आता? नुसतं वाकून ठेवला तरी चालेल की, साहेबांना काय दिसणार आहे... आणि हे मनात आलं तसा तो जागच्या जागी चरकला. दिसत नाहीच त्यांना. हे मला ठाऊक होतं. आजचं नाही, कधीचं. मग ते भोक, तो पायावरून घरंगळणारा चेंडू, ती सगळी लपवाछपवी कुणापासून होती?

"सायेब," त्याने हात खिशातून बाहेर काढला. "नाय गेला सरळ. गडग्यापल्याड जाळीत गेला."

"छे! मी बघितला ना."

"नाय बगितलात सायेब. तुमाला... समोर धुकं हाय. ट्रॉलर पन नाय."

साहेबांनी काठी खाली टेकवली. लवूला वाटलं, कळलं त्यांना. आता चिडतील, काढून टाकतील, टाकू देत. साहेबांनी त्याच्या खांद्यावर ठेवायला हात पुढे केला. तो खांद्याच्या बाजूने हवेत गेला, मग चाचपडत पिशवीच्या पट्ट्यावर टेकला.

"लवू, वय झालं रे तुझं," ते मायेने म्हणाले. "होतं असं. लाजायचं नाही. सोमवारी कोल्हापूरला माझ्या डॉक्टरांकडे नेतो तुला. डोळ्यांची हेळसांड बरी नव्हे."

लवूच्या डोळ्यांत पाणी आलं. हसावं की साहेबांचे पाय धरावेत, त्याला कळेना.

"तुमी सोता येनार?"

"म्हणजे काय, हात धरून नेईन."

त्या दवाखान्यात साहेब पाऊल टाकतील. डॉक्टर त्यांना ओळखतील, खुर्चीत बसवतील... बसतील का साहेब?

"मंग येतो, सायेब," लवू म्हणाला. "मला नायच दिसत आताशा."

किती सहज आलं तोंडातून. आपण खरं सांगायला निघालो होतो, आणि ते त्या गडग्याशीच कुठेतरी पडून राहिलं. साहेब समाधानाने चालू लागले, सरळ समोर, जिथे चेंडू नव्हता तिकडे. लवूने पिशवी सावरली आणि त्यांच्या मागून निघाला. शिवलेल्या खिशातला चेंडू दर पावलाला त्याच्या मांडीवर आपटत होता.