चिन्नोरची कनकी

लाखनीच्या हायवेला लागून असलेल्या राईस मिलचे मालक भैय्याजी सरकारी योजनांवर बारीक लक्ष ठेवून असत. शिकाऊ उमेदवार ठेवला की त्याच्या विद्यावेतनातला काही वाटा सरकार उचलतं, हे त्यांच्या कानावर आलं आणि आठवड्याभरात आयटीआय झालेली हर्षा मिलमध्ये हजर झाली. तिला शिकवायचं काम आलं खुशाल मिस्त्रीकडे.

खुशालनं या मिलमध्ये एकतीस वर्षं काढली होती. धान सोलणाऱ्या दोन रबरी रोलरांत किती फट ठेवायची, हे तो नुसत्या आवाजावरून ठरवी. फट जास्त झाली तर धान तसंच बाहेर पडतं, कमी झाली तर तांदूळ मोडून कनकी होते. हे कसब मिलमध्ये दुसऱ्या कोणाकडे नव्हतं, म्हणून तर साठीला टेकलेला माणूस अजून कामावर होता.

"वर्षभर सरकार हिचा खर्च देते, अन् मंग भैय्याजी मले घरी बसवतीन," तो बायकोला, रुखमाला म्हणाला. "मीच शिकवाचं अन् मीच घरी जाचं."

"मंग काय करता?"

"शिकवतो. पन हात राखून."

आणि तसंच केलं बेट्यानं. पट्टे, बेअरिंग, पॉलिश, सगळं शिकवलं. फटीचं चाक फिरवायची वेळ आली की मात्र तो पोरीकडे पाठ करी. "काका, हे कसं ठरवता जी?" तिनं विचारलं की म्हणे, "येईन हळूहळू." रोज काय शिकवलं ते हर्षाला सरकारी डायरीत लिहावं लागे आणि खाली मिस्त्रीची सही. 'रोलरची फट लावणे' या पानावर त्यानं बिनदिक्कत सही ठोकली. कागदाला काय कळतं?

धानाच्या ऐन हंगामात खुशाल तापानं दोन दिवस अंथरुणाला खिळला. तिसऱ्या दिवशी मिलमध्ये येऊन बघतो तर गावातली देवकाबाई उभी. लेकीच्या डोहाळजेवणासाठी राखलेलं चार पोती चिन्नोर, सुवासिक बारीक धान, तिनं आदल्या दिवशी भरडायला आणलं होतं. हर्षानं फट अंदाजानं लावली आणि त्याची अर्ध्याहून जास्त कनकी झाली होती. बाई भांडली नाही. मूठभर कनकी हातात घेऊन नुसती पाहत राहिली, आणि तेच खुशालला सोसवेना.

भैय्याजींनी डायरी उघडून हर्षासमोर धरली. "हे पाहा, मिस्त्रीची सही. तुले शिकवलं होतं ना? मंग काहून बिघडवलं?"

हर्षानं एकदा खुशालकडे पाहिलं. "सांगतलं होतं जी काकानं. मीच विसरली."

"आणखी एकदा असं झालं तं नाव कमी करीन."

खुशालला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. भैय्याजी गेल्यावर त्यानं विचारलं, "खोटं काहून बोलली?"

"माझं एक वर्षाचंच आहे काका. तुमचं एकतीस वर्षाचं."

त्यानं मशीन सुरू केली आणि तिचा हात फटीच्या चाकावर ठेवला. "डोळे मिट. आवाज आयक." पुढचे तीन महिने त्यानं हातचं काही राखलं नाही. जाडं धान, बारीक धान, ओलसर धान, प्रत्येकाचा आवाज तिच्या कानात बसवला. पोरगी हुशार, भराभर उचलत गेली. त्याला तिचं कौतुक वाटे आणि रात्री झोपही येत नसे.

हर्षाचं वर्ष संपत आलं तसं भैय्याजींनी खुशालला ऑफिसात बोलावलं. "मिस्त्री, खरं सांगतो, दोघाले पगार देनं जमत नाही. पोट्टी एकटीच्या भरवशावर मिल चालवते का? तुम्ही नाही म्हनाल तं तिले सोडतो, अन् तुमच्या हाताखाली नवा उमेदवार घेतो. सरकारचा वाटा त्याच्यावरबी भेटते."

बाहेर मिल चालू होती. चाकावर हर्षा होती आणि आवाज अगदी साफ येत होता. 'नाही' म्हटलं की नोकरी शाबूत. घरी रुखमा होती, तिची रोजची औषधं होती.

"विचार करून सांगा," भैय्याजी म्हणाले.

"विचार कायचा जी," खुशाल म्हणाला. "त्या डायरीत मी एक सही खोटी केली होती, ते देवकाबाईले भोवली. आता आणखी खोटं नाही बोलत. पोट्टी मिल चालवते."