पाठमोरी चढलेली मोटार

मी एक मोटार बोलतेय. साधीसुधी नव्हे, शर्यतीची. दोनच माणसांची बैठक, लांबलचक नाक आणि बाजूला पितळी भोंगा. आज निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत कोपऱ्यात उभी आहे आणि माझ्या बैठकीवर दर साल मांजर विते, तेव्हा 'शर्यतीची' म्हटल्यावर तुम्हाला हसू आलं तर मी रागावणार नाही.

माझा जन्म विलायतेतला, पहिल्या मोठ्या लढाईच्या आधीचा. लढाई संपल्यावर मी बोटीने मार्मागोव्याला उतरले आणि लोंढ्यावरून रेल्वेने बेळगावच्या कॅम्पात आले. एका गोऱ्या कप्तानाने मला आणवलं होतं. तो मला वेंगुर्ल्याच्या रस्त्यावर असा काही पिटाळायचा की झाडाखाली बसलेली माणसं उठून शेतात पळायची. माझ्या आयुष्यातला तो ऐन भराचा काळ. बदली झाली तसा तो मला विकून गेला.

मग मी टिळकवाडीतल्या एका वकिलांकडे आले. त्यांचं माझ्यावर प्रेम होतं, पण ते घेण्यापुरतं. टायर झिजले की चेहरा पडायचा. इंजिनात ठिणगी पाडणारा मॅग्नेटो बिघडला आणि तो दुरुस्तीला मुंबईला धाडावा लागला, तेव्हा तर ते आठ दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. जुनी शर्यतीची मोटार पाळणं म्हणजे काय, हे घेताना कुणी सांगत नाही. पेट्रोल ढोसायचं, तेल गळायचं, प्लग काजळायचे, हँडल मारता मारता खांदा निखळायचा आणि कुठलाही भाग मागवला की तो बोटीने यायचा. वकिलांनी मला धुऊनपुसून विकायला काढलं आणि त्या चकाकीला भुलला तो निपाणीचा बाबगोंडा.

बाबगोंडा तंबाखूचा व्यापारी. घर जैनांचं, घरची शेती, दारात चार बैल, माणूस मोठा हौशी. वडील नव्हते, घरात आई चंपाबाईंचा शब्द चाले. मला घेऊन तो दारात आला तेव्हा चंपाबाई ओसरीवरून उतरल्या, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि बैठकीवर हात ठेवून लगेच मागे घेतला.

"ह्ये कातडं हाय का रं?"

"व्हय अव्वा. समद्या मोटारींना असतंय."

"मग मी न्हाय बसायची. तुझं तू बस."

झालं. दुसऱ्या दिवशी माझ्या बैठकीचं कातडं निघालं आणि शहापुरी पट्ट्याचं जाड कापड बसलं. रेडिएटरात पाणी घालायचं तेसुद्धा चंपाबाई फडक्यातून गाळून द्यायच्या. गोऱ्या कप्तानाने कधी माझ्यासाठी इतकं स्वच्छ पाणी पाहिलं नव्हतं. मला ते फार मानवलं.

पण कातड्याचं प्रकरण तिथे संपलं नाही. पुढे माझा क्लच सरकू लागला. क्लच म्हणजे इंजिनाचा जोर चाकांना जोडून देणारा भाग. तो खोलायला बेळगावहून रवळू मिस्त्री आला. त्याने अंगणात पोतं पसरून त्यावर माझी आतडी मांडली आणि चंपाबाई नेमक्या तेव्हाच बाहेर आल्या. क्लचच्या चाकावर गोल चिकटवलेलं, तेल पिऊन काळं पडलेलं कातडं होतं.

"म्हंजे इतकी वर्सं ही पोटात कातडं घिऊन फिरतीया?"

बाबगोंडाने मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीने डोकं खाजवलं.

"नवार लावून बघूया का, अण्णा? बाजंची नवार. सुती हाय, जाड हाय. खिळ्यांनी ठोकून बसवतो."

माझा जीव वरखाली झाला. बाजेला विणतात ती पट्टी, आणि ती माझ्या जोराला अडवणार! पण मला कोण विचारतो? नवार बसली. सपाट रस्त्यावर मी चालले, थोडी कुरकुर करत का होईना. बाबगोंडा खूश, चंपाबाई खूश. त्या पहिल्यांदा माझ्यात बसल्या आणि बाजारातून एक चक्कर मारून आल्या.

आणि मग आला भादवा. चंपाबाईंनी त्या साली दोन दिवसांचा निर्जळी उपास धरला आणि पारणं स्तवनिधीच्या देवाचं दर्शन घेऊनच करायचं, असा नेम बोलल्या. स्तवनिधी निपाणीपासून लांब नाही, तवंदीच्या घाटात आहे. बाबगोंडाला म्हातारीला गाडीनेच न्यायचं होतं. बैलगाडी जुंपतो म्हणणाऱ्या गड्याला त्याने हसून परत पाठवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी निघायचं ठरलं आणि मी नेमकी तेव्हाच रुसले. प्लग काजळले होते. ते पुसून होतात तोवर एक टायर बसला. तो बदलून आम्ही घाटाच्या तोंडाशी आलो तेव्हा उन्हं पिवळी पडली होती. जैनांच्या घरात दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंब घेत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक असेल. दर्शनाला उशीर झाला असता तर त्या साठी उलटलेल्या बाईला तिसरी रात्रही कोरड्या घशाने काढावी लागली असती. त्यांचे ओठ फुटले होते. त्या माझं दार घट्ट धरून बसल्या होत्या.

चढण लागली. इंजिन ओरडायला लागलं आणि चाकं मात्र जागच्या जागी. नवार सरकत होती. करपलेल्या सुताचा वास सुटला. बाबगोंडाने पहिला गिअर टाकला, दातओठ खाल्ले, मला चार शिव्या हासडल्या. मी शरमेने आत तापत होते. मनापासून सांगते, त्या दिवशी माझ्यात जोर नव्हता असं नाही. तो चाकांपर्यंत पोचत नव्हता.

"परतूया अव्वा," बाबगोंडा शेवटी म्हणाला. "खालनं कुणाची तरी गाडी मिळती का बघतो."

त्याने मला त्या अरुंद रस्त्यावर वळवायला घेतलं. माझं तोंड निपाणीकडे झालं, आणि वळण पुरं करायला त्याने मागचा गिअर टाकला. माझा मागचा गिअर सगळ्यांत सावकाश आणि सगळ्यांत दमदार. त्यात नवारीवर ताण कमी येतो. मी चढणीवर मागे सरकले. अजून सरकले. बाबगोंडाने डोळे मोठे केले.

"अव्वा! मागं चढतीया ही!"

"मंग?"

"मंग काय, असंच मागं मागं जाऊया देवळापतूर!"

चंपाबाईंनी मान हलवली. "देवाकडं पाठ करून जाऊ व्हय? न्हाय रं बाबा. त्यापरीस उपाशी ऱ्हाईन."

बाबगोंडाने कपाळाला हात लावला. सूर्य डोंगराकडे निघालेला, आई हट्टाला पेटलेली. तेवढ्यात चंपाबाईंनीच लुगडं सावरलं, बैठकीवर गुडघे टेकले, पाठीमागच्या लाकडाला धरलं आणि घाटाकडे तोंड केलं.

"चल आता. माझं त्वांड देवाकडं हाय. मोटारीचं ती बघून घील."

असा आमचा प्रवास झाला. बाबगोंडा मान मोडून मागे बघतोय, म्हातारी हात उंचावून रस्ता सांगतेय. "डावीकडं घे रं! बास, बास! म्हस हाय फुडं!" वरून उतरणाऱ्या बैलगाड्यांतली माणसं उभी राहून बघायची. मी आयुष्यात इतकी हळू कधी धावले नव्हते, आणि धावण्याचं इतकं सुखही मला कधी झालं नव्हतं.

देवळापाशी पोचलो तेव्हा ऊन अजून शिखरावर होतं. माझ्या नाकातून वाफ निघत होती, आत एक चूळभर पाणी उरलं नसेल. बाबगोंडा हातावरचं तेल धुवायला गेला. चंपाबाईंनी दर्शन घेतलं. उपाध्यांच्या घरच्या अक्काताईंनी विहिरीचं पाणी गाळून कळशी आणली आणि म्हटलं, "घ्या, पारणं करा."

चंपाबाईंनी कळशी घेतली आणि ती घेऊन त्या माझ्याकडे आल्या.

"आदी हिला," त्या म्हणाल्या. "आमच्यात बैल दमून आला की पयलं पाणी त्याला. ह्या बिचारीनं मला वर आणलं."

पदराने रेडिएटरचं झाकण धरून त्यांनी ते उघडलं आणि विहिरीचं ते गारेगार पाणी सगळं माझ्यात ओतलं. लालबुंद तापलेल्या लोखंडात गार पाणी. माझ्या आत टक्कन आवाज झाला. मला कळलं, आपलं संपलं.

तो आवाज बाबगोंडानेही ऐकला. तो धावत आला, वाकला, आणि माझ्या इंजिनावरून खाली पाझरणारी बारीक रेघ त्याने पाहिली. त्याचं तोंड उघडलं.

"बरं वाटलं का रं हिला?" चंपाबाईंनी विचारलं. त्यांचे ओठ अजून कोरडेच होते.

बाबगोंडाने तोंड मिटलं. मग म्हणाला, "व्हय अव्वा. लई बरं वाटलं. आता तू पी, दिस बुडाय आलाय."

अक्काताईंनी दुसरी कळशी गाळून आणली. चंपाबाई पायरीवर बसून ओंजळीने पाणी प्यायल्या आणि बाबगोंडा उभा राहून ते बघत राहिला.

मला बैलांनी ओढून घरी आणलं. माझ्यात जीव घालायचा तर विलायतेहून नवं इंजिन आणावं लागलं असतं. बाबगोंडाने आईला सांगितलं, "मोटारीचा खर्च परवडंना, ठेवून देतो वखारीत." चंपाबाई त्यानंतर बरीच वर्षं जगल्या आणि आल्यागेल्याला सांगत राहिल्या, "माझा ल्योक लई चिक्कू. चांगली चालती मोटार बांधून घातली." बाबगोंडा गालातल्या गालात हसायचा. त्याने आईचा शब्द कधी खोडला नाही. चंपाबाई गेल्या, त्यालाही आता वर्षं झाली.

काल बेळगावहून भावकू नावाचा मोडीचा व्यापारी मला बघायला आला. देशाला स्वातंत्र्य मिळाल्याच्या पताका अजून वखारीच्या दारावर आहेत. भावकूने माझं झाकण उघडलं, बोट फिरवलं आणि त्याला तडा सापडला.

"तापल्या इंजिनात गार पाणी घातलंय की! कुठल्या येड्यानं केलं ह्ये, मालक?"

बाबगोंडा आता म्हातारा झालाय. तो काठी टेकत जवळ आला आणि म्हणाला,

"मीच की. मीच घातलं."

उद्या भावकू गाडी घेऊन मला न्यायला येईल. मला वितळवतील तर वितळवोत, माझी काही तक्रार नाही. एवढंच मागणं आहे की कुणी विचारलं तर बाबगोंडा सांगतो तेच सांगा. पाणी त्यानेच घातलं.