मी वीस मिनिटांपुरतीच खरी

मी तपासणीची पट्टी बोलतेय. बोलण्यात काही चुकलं तर सांभाळून घ्या. मला शब्द येत नाहीत. रेघा येतात, त्याही दोनच. एक उमटली तर रक्तात एचआयव्ही सापडला नाही. दोन उमटल्या तर आणखी तपासण्या करून खात्री करायची.

कारखान्यात जन्मले, चकचकीत पाकिटात बंद झाले आणि दवाखान्याच्या कपाटात बहिणींबरोबर पडून राहिले. पाकीट फाटलं तेव्हा समोर एक वेल्डर बसला होता. लग्नाआधी त्याच्याबरोबर खोलीवर राहणारा कामावरचा जोडीदार याच आजाराने गेला होता. तेव्हापासून बायकोच्या मनात पाल चुकचुकत होती. आता तिला सातवा महिना होता. तिची स्वतःची तपासणी ठीक आली होती. "आता तुमची करा," तिने बजावलं होतं, "आणि तोंडी सांगू नका, दाखवा."

तपासणाऱ्या ताईंनी त्याच्या बोटाला सुई टोचली. "एवढ्या ठिणग्या अंगावर घेता दादा, आणि सुईला डोळे मिटता?"

"ठिणगी दिसते तरी, ताई."

मी त्याच्या रक्ताचा थेंब प्याले. वीस मिनिटं त्याचा पाय सारखा हलत होता. मग ताईंनी मला वाचलं. रेघ एकच.

"काही नाही दादा. घरी जा निवांत. कागद उद्या मिळेल."

पण उद्यापर्यंत दम कुठला! ताई हात धुवायला वळल्या. माझी जागा कचऱ्याच्या लाल डब्यात होती. त्याने मला गुपचूप खिशात टाकलं.

खरं सांगते, वेळ उलटली की मला वाचायचं नसतं. वाळता वाळता माझ्यावर कधी कधी पुसट रेघ उठते. तिला काही अर्थ नसतो. हे ताईंना ठाऊक होतं, त्याला नव्हतं.

संध्याकाळी त्याने मला बायकोपुढे धरलं. "बघ, एकच आहे."

तिने मला दिव्याखाली नेलं. "अहो, मग ही दुसरी काय?"

"कुठली?"

"ही. फिकी आहे, पण आहे ना?"

त्याने मला तिच्या हातून घेऊन डोळ्यांशी धरलं. "ताईंनी माझी दया येऊन खोटंच सांगितलं असेल."

"मग उद्या जाऊन विचारा ना."

"काय विचारू? डोळे फुटलेत का माझे?"

पोटावर हात ठेवून ती दोन पावलं मागे सरली. ते त्याने पाहिलं.

मी जीव तोडून सांगत होते, पण मला तोंड कुठे? म्हणून तुम्हाला विनवते, मला वेळेत वाचा आणि वेळेत टाकून द्या. शंका आली तर माणसाला विचारा. मला विचारू नका.

रात्रभर मी खिडकीत पडून होते, अजून तिथेच आहे. सकाळी ती उठायच्या आत त्याने आपलं ताट, पेला आणि टॉवेल पिशवीत भरले. बाळासाठी स्वतः जोडलेला लोखंडी पाळणा वाटेत होता. त्याला अंग लागू नये म्हणून तो भिंतीला चिकटून बाहेर पडला. दवाखान्याच्या गल्लीपाशी तो क्षणभर थांबलेला मला खिडकीतून दिसला, आणि मग सरळ निघून गेला.